संगमावरची वल्ही

पुणे शहराच्या क्रीडेतिहासाची उजळणी करणारे लेखक बहुधा तालमींपासून प्रारंभ करतात, क्रिकेटच्या मैदानावर बराच काळ रमतात, खो-खोला नियमांची चौकट देणाऱ्या डेक्कन जिमखान्याचा यथोचित गौरव करतात, आणि इथल्या लष्करी छावणीत बॅडमिंटनला जे प्रारंभीचे रूप लाभले त्याचाही अभिमानाने उल्लेख करतात. परंतु याच शहराच्या ईशान्य अंगाला, मुळा आणि मुठा या दोन नद्या जिथे एकत्र येतात त्या संगमाच्या नजीक, इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानुपिढ्या जी नौकानयनाची परंपरा जतन केली, तिच्या वाट्याला या इतिहासात क्वचितच चार ओळींपेक्षा अधिक जागा आलेली दिसते. महाविद्यालयीन क्रीडा म्हटले की आपल्याकडे क्रिकेटच डोळ्यांसमोर उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्या शहराच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांनी १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठ दोन हंगामांत महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला, त्या शहरात विद्यालय आणि बॅट यांची सांगड लोकांच्या मनात कायमची बसावी यात नवल नाही. तरीसुद्धा, ज्या क्रीडेचे मैदान, साधने, शिक्षक आणि आख्यायिका ही सर्व एकाच महाविद्यालयाच्या आवारात जन्मली आणि तिथेच वाढली, अशी क्रीडा पुण्यात शोधू गेल्यास माझ्या मते नौकानयनापाशीच थांबावे लागते.

वास्तविक पाहता महाविद्यालयीन स्पर्धांच्या जागतिक इतिहासात वल्ह्याचा मान फार जुना आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची नावांची शर्यत १८२९ साली प्रथम झाली. अमेरिकेत आज महाविद्यालयीन फुटबॉलचे जे प्रचंड प्रस्थ माजलेले आहे, त्याचा आरंभ १८६९ च्या नोव्हेंबरात रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या सामन्यापासून मानतात. पण त्याच्याही सतरा वर्षे आधी, १८५२ साली, हार्वर्ड आणि येल यांचे विद्यार्थी एका सरोवरावर वल्ही मारीत परस्परांशी झुंजले होते, आणि त्या देशातील दोन महाविद्यालयांमधील ती पहिली क्रीडास्पर्धा समजली जाते. महाविद्यालयाच्या नावाने खेळणे, त्याच्या रंगाचा पोशाख अंगावर चढवणे, जुन्या विद्यार्थ्यांनी काठावर जमून नव्यांना हाका घालणे, हा सगळा शिरस्ता मैदानाइतकाच पाण्यावरही घडला.

पुण्याचा संगम तर इतिहासाने ओथंबलेला आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात इंग्रज रेसिडेंटचा बंगला याच जागेवर होता. शहरापासून थोड्या अंतरावर राहून दरबारावर नजर ठेवण्यास ती जागा सोयीची होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बंगला सोडून नदीपलीकडे आपल्या फौजेत जाऊन मिळाला, आणि त्याच्या पाठीमागे बंगल्याला आग लागली, तीत त्याचा ग्रंथसंग्रहही नाहीसा झाला. राज्य गेले, नवा अंमल आला, कचेऱ्या बदलल्या, दप्तरे बदलली. संगमावरचे घाट आणि देवळे मात्र आपल्या जागी राहिली.

परंतु नौकानयनाच्या दृष्टीने पाहता, या स्थळाचे भाग्य उजळले ते लढाईने नव्हे, बंधाऱ्याने. दख्खनच्या नद्यांचा स्वभाव आपण जाणतो. आषाढात दोन्ही तीर गिळणारे पाणी माघ-फाल्गुनात खडकांच्या कुशीत जाऊन बसते, आणि ज्या पात्रात श्रावणात हत्ती बुडावा त्याच पात्रातून चैत्रात मुले चालत पलीकडे जातात. अशा नदीवर बारमाही नाव चालवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने संगमाच्या खालच्या अंगाला बांधलेला बंधारा १८५० साली पुरा झाला. त्याच्या खर्चापैकी सुमारे पावणेदोन लाख रुपये एकट्या जमशेटजींनी दिले, असे जुन्या गॅझेटियरवरून दिसते. हेतू शुद्ध व्यावहारिक होता: छावणीला व वस्तीला पाणी मिळावे. पण बांधणाऱ्यांच्या मनात नसलेले एक फळ त्या कामाला आले. बंधाऱ्यामागे पाणी अडून राहिले, वाहत्या नदीचा एक लांबट डोह झाला, आणि त्या डोहावर नावा दिसू लागल्या. १८६८ साली स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब ही त्या काळच्या साहेबलोकांची सोय. आजही शहराचा तो सगळा भाग बोट क्लबच्या नावानेच ओळखला जातो.

एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हाती वल्हे आले ते प्रथम डेक्कन कॉलेजात असावे. १८२१ सालच्या संस्कृत पाठशाळेपासून ज्याची परंपरा सुरू होते, ते हे महाविद्यालय पुढे शहराबाहेर येरवड्याच्या प्रशस्त इमारतीत गेले, आणि नदी त्याच्या शेजारी आली. बाळ गंगाधर टिळक १८७३ च्या सुमारास तिथे दाखल झाले तेव्हा त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीराच्या जोपासनेलाच वाहिले, ही कथा त्यांच्या चरित्रांतून सर्वश्रुत आहे. त्या वर्षाच्या दिनक्रमात कुस्ती व पोहणे यांच्या जोडीने नाव वल्हवण्याचाही उल्लेख येतो. त्या एका वर्षाने परीक्षेचे नुकसान झाले खरे, पण मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षांत ज्या शरीराने साथ दिली त्याची पायाभरणी त्या वर्षीच झाली, असे चरित्रकार म्हणतात, आणि त्यात मला मुळीच अतिशयोक्ती वाटत नाही. डेक्कन कॉलेज पुढे १९३४ साली बंद पडले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. पदवीच्या वर्गांतील तरुणांचा तो गजबजाट परत आला नाही.

तो वारसा ज्या संस्थेने चालवला ती संगमाला अधिक जवळची होती. जुलै १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने जी शाळा सुरू झाली, तिचा उद्देश रस्ते, कालवे, धरणे, पूल आणि रेल्वे यांच्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. १८६५ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली. नावे बदलत गेली. १८८० साली शेतकी आणि वनविद्या यांचेही वर्ग असलेले ते ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले, आणि शेतकीची शाखा वेगळी निघाल्यावर १९११ साली ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ हे नाव कायम झाले. २०२२ पासून तर ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. पुणेकराच्या तोंडी मात्र पूर्वी ‘इंजिनिअरिंग कॉलेज’ असे आणि आता ‘सीओईपी’ असेच नाव बसले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली याच संस्थेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले, आणि पुढे १९०३ साली त्यांची स्वयंचलित दारे खडकवासल्याच्या धरणावर प्रथम बसवली गेली. ज्या नदीचे पाणी या महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याने वरच्या बाजूस गणिताने आवरले, तिच्याच पाण्यावर, थोडे खाली, त्याच महाविद्यालयाच्या पुढच्या पिढ्या वल्ही मारू लागल्या, हा योग मला विशेष प्रिय आहे.

महाविद्यालयाच्या परंपरेत बोट क्लबचा आणि त्याच्या वार्षिक रेगाटाचा, म्हणजे नौकोत्सवाचा, आरंभ १९२८ च्या सुमाराचा मानला जातो. त्या काळच्या इंग्रज प्राध्यापकांना आपल्या विद्यापीठांतील नदीकाठची सवय होती, हे या आरंभाचे एक कारण सहज सांगता येईल. पण एवढ्यानेच उत्तर पुरे होत नाही. साहेब गेले, साहेबांबरोबर त्यांचे कितीतरी खेळ व क्लबांतले शिष्टाचार गेले, आणि हा रेगाटा मात्र राहिला. तो का राहिला याचा विचार करताना मला दोन गोष्टी निर्णायक वाटतात. पहिली ही की, वसतिगृह आणि बोट क्लब यांच्यात फार अंतर नव्हते. पहाटे उठून अंधारातच पाण्यावर जावे आणि वर्गाच्या वेळेला परत यावे, हे तिथल्या विद्यार्थ्याला शक्य होते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ही की इथे विद्या देणारा कोणी पगारी उस्ताद मुख्य नव्हता. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलाला हातात वल्हे देई, आणि तो मुलगा तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाला. ज्याने शिकवले त्याचे नाव शिकणाऱ्याच्या तोंडी आयुष्यभर राहते, आणि पाटबंधारे खात्यातून किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एखादा वृद्ध अभियंता आपल्या परीक्षेचे गुण विसरलेला असतो पण आपल्या नावेतील चौघांचे क्रम त्याला तोंडपाठ असतात.

त्या चौघांच्या कौशल्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. शर्यतीची नाव, जिला हे विद्यार्थी ‘शेल’ म्हणतात, ती आपल्या कोकणी होडीच्या जातीची नव्हे. चौघांची शेल जवळजवळ पंचेचाळीस फूट लांब, आणि रुंदीला मात्र इतकी अरुंद की मधल्या माणसाने बेसावधपणे मान वळवली तरी ती एका अंगाला कलते. एकट्याने चालवायची ‘स्कल’ तर सुमारे सत्तावीस फुटांची असून स्पर्धेच्या नियमाने तिचे वजन १४ किलो असले तरी चालते. खांद्यावर टाकून माणूस ती नदीपर्यंत नेऊ शकतो. वल्हवणारा पाठमोरा बसतो. ज्या दिशेला जायचे ती दिशा त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो मागे पडलेला काठ, आणि पुढच्या सवंगड्याची पाठ. सुकाणू धरून बसणाऱ्या कॉक्सखेरीज नावेतील एकालाही समोरचे पाणी ठाऊक नसते, म्हणून त्याच्या शब्दावर बाकीच्यांनी निःशंक विश्वास ठेवावा लागतो. बैठक रुळांवर पुढेमागे सरकते. नवख्याला वाटते की सारा जोर दंडाचा. पण खरा रेटा पायांतून येतो, तो कंबरेतून पाठीत चढतो आणि शेवटच्या क्षणी हात केवळ तो पुरा करतात. वल्हे पाण्यातून काढताना त्याचे पाते मनगटाच्या एका वळणाने आडवे करायचे, म्हणजे परतीच्या प्रवासात वारा त्याला अडवीत नाही. पुन्हा उभे करून पाण्यात टाकायचे ते चौघांनी एकाच क्षणी. एकाचे पाते निमिषभर उशिरा निघाले, तर पाणी ते धरून ठेवते, दांडा उलटा येऊन पोटात बसतो आणि कधीकधी माणूस नावेबाहेर फेकला जातो. चौघे जमून आले म्हणजे मात्र नावेचा आवाज बदलतो. सरकत्या बैठकांची घरघर, कड्यांमध्ये वल्ह्यांचा एकच ठोका, आणि नाळेखालून पाणी फुटत जाण्याचा बारीक सूर. हा आवाज ज्याने आतून ऐकला आहे त्याला चांगली शर्यत डोळे मिटूनही ओळखता येते.

रेगाटा हा मात्र निव्वळ शर्यतींचा दिवस नव्हे, आणि त्याचे वैशिष्ट्य इथेच आहे. साधारणतः मार्च महिन्यात, परीक्षांच्या आधी, संध्याकाळी तो भरतो. शर्यती असतातच, पण त्याहून अधिक ज्यांची वाट पाहिली जाते ते प्रकार निराळे. पंट ही सपाट तळाची, टेम्स आणि कॅम या नद्यांवरची संथ होडी. तिच्या एका टोकाला उभे राहून लांब बांबू नदीच्या तळाला टेकवायचा आणि रेटा देऊन नाव पुढे ढकलायची. एक पंट चालवणे कठीण नाही. पण अनेक पंट एका रांगेत आणून, वळवून, एकमेकांतून काढून पाण्यावर आकृती मांडायची म्हणजे प्रत्येक बांबू किती खोल जाईल, तळाला चिखल आहे की खडक, याचे ज्ञान आधीच्या कित्येक पहाटेंतून मिळवलेले असावे लागते. चिखलात रुतलेला बांबू सोडावा की धरून राहावे हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि धरून राहणारा बहुधा पाण्यात जातो. कयाक ही तर उत्तर ध्रुवाकडील एस्किमो शिकाऱ्यांची अरुंद नाव, दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने चालणारी. तिच्यावर या विद्यार्थ्यांनी एक तालबद्ध नृत्य बसवले आहे, त्याला ते कयाक बॅले म्हणतात. याखेरीज नावांनी बाणाची आकृती साधणारी ‘ॲरो फॉर्मेशन’, आणि अंधार पडल्यावर होणारे मशालनृत्य, ज्याच्या वेळी काठावरचा सारा समाज उठून उभा राहतो. आता मुलींचे संघही पाण्यावर असतात. इंग्लंडमधील कोणत्याही नदीवर हा कार्यक्रम जसाच्या तसा सापडणार नाही. परकीयांकडून घेतलेल्या साधनांतून इथल्या मुलांनी आपला स्वतंत्र सोहळा रचला, आणि त्यात दहीहंडीच्या थरांची शिस्त व गणेशोत्सवातल्या मेळ्यांची हौस या दोन्हींचा अंश उतरला आहे, असे माझे मत आहे.

या सोहळ्याचा खर्च, तयारी, नावांची डागडुजी, प्रकाशयोजना, प्रेक्षकांचा बंदोबस्त, ही सर्व कामे विद्यार्थीच करतात. लाकूड आणि तंतुकाच यांचे भेगाळलेले भाग जोडणे, वल्ह्यांच्या कड्या बदलणे, तरंगते धक्के तपासणे, यांत अभियांत्रिकीचे जे शिक्षण होते ते कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. एका गोष्टीचा मला नेहमी आदर वाटत आला आहे: ज्याने चार वर्षे नावा दुरुस्त केल्या पण ज्याला शर्यतीत एकदाही बसता आले नाही, त्याचाही मान या मंडळींत विजेत्याच्या बरोबरीने राखला जातो.

नदीने या परंपरेची परीक्षाही पाहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे बांधलेले मातीचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्यालाही भगदाड पडले, आणि मुठेच्या पाण्याने शनिवार-नारायण पेठेपासून पुलाच्या वाडीपर्यंत जो हाहाकार माजवला त्याचे वर्णन आजही वृद्ध पुणेकरांच्या तोंडून ऐकावे. तो सारा लोंढा संगमावरूनच पुढे गेला. शहराचे रूप त्यानंतर बदलले, पेठा सोडून माणसे नव्या वसाहतींत गेली. पण पूर हा निदान काही तासांत ओसरतो. त्यानंतरच्या दशकांत नदीवर जे संकट हळूहळू चालून आले ते ओसरणारे नव्हते. शहर आणि त्याच्या पश्चिमेचे उद्योगनगर यांचे सांडपाणी मुळा-मुठेत येऊ लागले. आणि ज्या संथ पाण्यामुळे नावा चालल्या त्याच संथ पाण्यात, त्या सांडपाण्यावर पोसून, जलपर्णी माजली. जांभळ्या फुलांचा तो हिरवा गालिचा पुलावरून पाहणाऱ्याला कदाचित रम्य वाटेल. वल्हेकऱ्याला त्यात पाते घालता येत नाही, आणि घातलेच तर बाहेर काढता येत नाही. त्यामुळे रेगाटाच्या आधी पाण्यात उतरून, दोर आणि आकडे लावून जलपर्णी ओढून काढणे हेही आता सरावाइतकेच ठरलेले काम होऊन बसले आहे. टिळक ज्या पाण्यात पोहले त्या पाण्याच्या जवळ जाताना आजच्या मुलाला नाक धरावे लागते, याची खंत मला लपवता येत नाही. महापालिका आणि शासन यांनी नदीसुधारणेच्या ज्या योजना हाती घेतल्या आहेत त्यांत काठ बांधण्याची भाषा अधिक आहे. माझे मागणे साधे आहे. जिथे विद्यार्थी नाव घालतो तिथले पाणी हीच त्या योजनांची कसोटी धरावी.

याच नदीच्या वरच्या अंगाला, दापोडी-खडकीकडे, लष्कराच्या अभियंत्यांनीही नौकानयनाचे मोठे केंद्र उभारले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या अवर्षणग्रस्त मुलखातून, विहिरी खोदणाऱ्या घरातून आलेला दत्तू भोकनळ २०१२ साली सैन्यात भरती झाला आणि पुण्यात वल्हे शिकला. प्रारंभी त्याला पाण्याचीच भीती वाटे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या स्कल्स नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. लष्कराची शिस्त, पगारी प्रशिक्षक आणि स्वच्छ सरळ पाणी यांच्या बळावर हे यश आले. महाविद्यालयीन बोट क्लबाकडून पदकांची अशी अपेक्षा करणे त्याच्या स्वभावाला धरून होणार नाही. पण सामान्य पुणेकराला वल्हे हा खेळ आहे, तो आपल्या नदीवर चालतो, ही जाणीव जर कुणी इतकी वर्षे जिवंत ठेवली असेल तर ती वर्षातून एका संध्याकाळी हजारो लोकांना काठावर बसवणाऱ्या या विद्यार्थ्यांनीच.

आता एका कामाची निकड आहे. रेगाटाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, नावांची नोंदवही, जमाखर्चाचे कागद, असे जे काही माजी विद्यार्थ्यांच्या पेट्यांत आणि कपाटांत पडून असेल ते एकत्र आणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याचे स्वतंत्र दप्तर करावे, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे ज्यांनी संगमावर वल्ही मारली त्यांच्यापैकी जी मंडळी हयात असतील त्यांच्या आठवणी, नावेतील त्या चौघांच्या क्रमासह, त्यांच्याच आवाजात टिपून घ्याव्यात. हे काम त्याच मुलांनी करावे, जी पहाटे नाव बाहेर काढतात. जुन्या वल्हेकऱ्याला काय विचारावे हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक नेमके कळेल.